फुकेतच्या रिसॉर्टात टीप कशात द्यायची, डॉलर, बाथ की आपले रुपये? (भिशीची सहल, लातूर)

मांजराकाठ (लातूर)
9 नोव्हेंबर 2025, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. आमच्या भिशीतल्या अकरा जणी 28 तारखेला थायलंडातल्या फुकेतला निघालोत. तीन वर्षं महिन्याला दोन-दोन हजार वेगळे काढले तेव्हा कुठं हा योग आला. हैदराबादहून विमान, पाच रात्री एकाच रिसॉर्टात मुक्काम, एक दिवस बेटांवर. घरातलं कुणी सोबत नाही, त्यामुळं आनंदही आहे आणि धाकधूकही.

खजिनदार मी. परवाच्या बैठकीत विषय निघाला की खोली आवरणाऱ्या बाईला, बॅगा उचलणाऱ्या पोरांना टीप द्यावी लागते, ती कशात द्यायची? आमच्यातल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, डॉलर न्या, डॉलरला जगात कुणी नाही म्हणत नाही. किराणा दुकानवाल्या म्हणाल्या, कशाला ती भानगड, पन्नासच्या कोऱ्या नोटांचं बंडल नेऊ, तिकडं इतके आपले लोक जातात, घेतील बदलून. एकीचं म्हणणं, द्यायचीच कशाला. तेवढ्यात एजंटचा मेसेज आला, टीपपोटी माणशी 25 डॉलर विमानतळावर रोख जमा करा. अकरा जणींचे 275 डॉलर, म्हणजे चोवीस हजारांच्या वर! सगळ्या गप्प झाल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

कुणाला किती, कशात, आणि एजंटला द्यायचे का, एवढं सांगा. आमच्यापैकी दोघीच आधी परदेशात गेल्यात, त्याही दुबईला लेकाकडं.

---

कुंथलगिरी_पेढा (भूम)
9 नोव्हेंबर, रात्री 10:31

बाथ. धागा बंद करा.

---

नाथसागर (पैठण)
9 नोव्हेंबर, रात्री 11:05

पेढेभाऊंनी एका शब्दात उरकलं, पण बरोबर आहे. मी कामानिमित्त चारदा जाऊन आलो, थोडं सविस्तर लिहितो.

थायलंडात पैसे बदलायच्या दुकानांवर दरांचा फलक असतो. त्यात डॉलरची एक ओळ नसते, तीन-चार असतात. शंभराच्या नोटेला सगळ्यात चांगला भाव, वीस-दहाला त्याच्या खाली, आणि एक-दोन-पाच डॉलरच्या नोटा तळाला. आता टीप म्हणून आपण नेमकी कोणती नोट देतो? एक डॉलरची. म्हणजे जिला सगळ्यात कमी भाव तीच आपण त्या बाईच्या हातावर ठेवणार, वर तिनं सुट्टीच्या दिवशी दुकान शोधत जायचं. रुपयाचं तर विचारूच नका. फलकावर दिसतो, पण जो भाव देतात तो बघून वाईट वाटतं.

सध्या एका बाथला पावणेतीन रुपये धरा. वीसची नोट हिरवी, पन्नासची निळी, शंभरची लाल. खोली आवरणाऱ्या बाईला रोज 20 ते 40, बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागं 20, मसाज केलात तर 50 ते 100. नाणी टीप म्हणून देऊ नका, ते चांगलं दिसत नाही. नोटेवर राजाचं चित्र असतं. वाऱ्यानं उडाली म्हणून चपलेखाली दाबून धरायची सवय आपल्याला असते, ते तिथं चुकूनही करू नका.

जेवणाच्या दरापुढं दोन अधिक चिन्हं दिसली तर 10 टक्के सेवा शुल्क आणि 7 टक्के व्हॅट वेगळा लागणार असं समजा. तिथं वेगळी टीप नाही दिली तरी चालतं.

---

काळी_माती (माजलगाव)
10 नोव्हेंबर, सकाळी 7:48

सप्टेंबरात अख्खा मराठवाडा पाण्याखाली होता. सोयाबीन कुजलं, जमिनी खरवडून गेल्या. आणि इथं चर्चा काय, तर फुकेतच्या पोऱ्याला हिरवी नोट द्यायची का निळी. चालू द्या.

---

मांजराकाठ (लातूर)
10 नोव्हेंबर, सकाळी 9:20

भाऊ, माझंही साडेचार एकर सोयाबीन गेलं. पंचनामा झालाय, पैशाची वाट बघायलाव. सहल ऑगस्टात बुक झाली होती आणि रद्द केली तर पैसे परत नाहीत. तुमचं दुःख खरंय, पण ते या धाग्यावर काढू नका.

---

काळी_माती (माजलगाव)
10 नोव्हेंबर, सकाळी 9:41

बरं ताई. चुकलं. जाऊन या.

---

मोंढा_नाका (परभणी)
10 नोव्हेंबर, दुपारी 1:15

रुपये नेणाऱ्या काकूंना माझा किस्सा सांगा. 2019 ला भजनी मंडळासोबत पशुपतिनाथाला गेलो होतो. नेपाळात रुपया चालतो हे ऐकून सगळ्यांनी पाचशेच्या नोटा नेलेल्या. आणि आदल्या डिसेंबरातच नेपाळ सरकारनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातलेली! धर्मशाळेतला पोऱ्या पाचशेची नोट बघून दोन पावलं मागं सरकला. आमचे बुवा म्हणाले, बघा किती निर्लोभी माणूस.

दुसरी गंमत भावाची. हमालानं दोनशे सांगितले. मी विचारलं नाही आयसी का एनसी, म्हणजे भारतीय का नेपाळी. शंभर आपले म्हणजे एकशे साठ त्यांचे, हा दर कित्येक वर्षं ठरलेला आहे. मी आपले दोनशे दिले, तेही शंभरच्या दोन नोटांत. त्यानं इतका वाकून नमस्कार केला की तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

भूतानात ही कटकट नाही, तिथला न्गुलट्रम आणि रुपया सारखाच. पण तुम्ही भूतानला चालला नाहीत.

---

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)
10 नोव्हेंबर, रात्री 11:52

रात्रपाळी आहे, डेस्कवर बसून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आतापर्यंत सगळे देणाऱ्यांच्या बाजूनं बोलले. मी घेणारा आहे. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात 19 वर्षं झाली. बेलबॉय म्हणून लागलो, आता त्याच डेस्कचा कॅप्टन. अजिंठा-वेरूळला येणारे परदेशी पाहुणे ऑक्टोबर ते मार्च येतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, त्यामुळं ग्रुप दोन-तीन रात्री राहतात आणि आमच्याशी ओळख होते. जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच. थायलंड-श्रीलंकेचे बौद्ध यात्रेकरूही पुष्कळ, ते तर लेण्यांत बसून प्रार्थना करतात.

माझ्या घरी पार्ले बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात एकोणीस वर्षांची परदेशी चिल्लर आहे. पाहुणा विमानतळाला निघतो तेव्हा खिशात जे उरलं असेल ते काढून हातावर ठेवतो. त्याला वाटतं, पोराला चार पैसे मिळतील. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पहिल्या हंगामात मला एका जपानी आजोबांनी पाचशे येनचं नाणं दिलं. साथीदारानं सांगितलं, अरे ह्याचे पावणेदोनशे-दोनशे रुपये होतात. मी दुसऱ्या दिवशी सायकल काढून बँकेत. तिथून दुसऱ्या बँकेत. तिथून पैसे बदलणाऱ्याकडं. प्रत्येकानं नाणं उलटंपालटं करून बघितलं, छान आहे म्हणाले, आणि परत दिलं. नाणं सहसा कुणी बदलून देत नाही, नोटच पाहिजे. ते नाणं अजून डब्यात आहे. आज सकाळी मोजलं तर दोन युरोची नऊ, एक युरोची चौदा, येनची मूठभर, आणि कुठली ते मलाही माहीत नसलेली कितीतरी.

त्यावर एक उपाय आम्ही पोरांनी काढला होता. दहा-पंधरा युरोची नाणी साठली की पुढचा युरोपातला पाहुणा बघून विनंती करायची, साहेब ही घ्या आणि तेवढी नोट द्या. लेण्यांपाशी माळा-दगड विकणारी पोरंही हेच करतात. निम्मे पाहुणे आनंदानं देतात, त्यांना घरी गेल्यावर चालतातच की. निम्म्यांना वाटतं काहीतरी फसवणूक आहे. एकानं रिसेप्शनवर तक्रार केली आणि व्यवस्थापकांनी सगळ्यांना उभं करून सुनावलं, पाहुण्यांकडं पैशाचा विषय काढायचा नाही. तेव्हापासून बंद. मी त्या गृहस्थालाही दोष देत नाही, त्याच्या जागी मीही दचकलो असतो.

एक डॉलरच्या नोटेचं वर नाथसागर म्हणाले तेच इकडंही. ओळखीचा एक जण सत्तर रुपये देतो. दुमडलेली, पेनानं काही लिहिलेली असली तर साठ. ज्या पाहुण्यांनी मला आपली साधी शंभराची नोट दिली, तिचं मी त्याच संध्याकाळी गुलमंडीवरून घरी भाजी-दूध नेलं. फरक एवढाच आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी (नांदेड)
11 नोव्हेंबर, सकाळी 8:30

हिमरूभाऊ, सत्तर का मिळतात याचा हिशेब सांगतो. अधिकृत ठिकाणी चलन बदललं की त्या सेवेवर जीएसटी लागतो. लाखाच्या आतल्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात, पण ते 250 रुपयांपेक्षा कमी धरत नाहीत. त्यावर 18 टक्के, म्हणजे 45 रुपये. तुम्ही एक डॉलर बदला का दोनशे, 45 रुपये जाणारच. नव्वदीच्या आसपासच्या डॉलरमधून ते गेले की हाती पंचेचाळीस. म्हणून तो ओळखीचा माणूस सत्तर देऊनही तुमच्यावर उपकारच करतोय, जरी त्याचा धंदा नियमात बसत नसला तरी! नोटा साठवून एकदम बदला.

आणि घाबरू नका, साठवणं गुन्हा नाही. भारतात आलेल्या परदेशी पाहुण्यानं सेवेबद्दल किंवा भेट म्हणून दिलेल्या नोटा फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येतात. नाण्यांना तर मर्यादाच नाही. तुमचा डबा पूर्ण कायदेशीर आहे.

किराणावाल्या वहिनींसाठी : भारतातून बाहेर जाताना माणशी 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात.

---

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)
11 नोव्हेंबर, सकाळी 8:44

काका, 19 वर्षांत हे पहिल्यांदा कुणी सांगितलं. बायको त्या डब्याला "तुमचा काळा पैसा" म्हणते. आता तिला वाचून दाखवतो.

---

गोदाकाठची_लेक (नांदेड, सध्या पुणे)
11 नोव्हेंबर, दुपारी 3:10

जिथं जाल तिथलंच चलन, हा नियम सगळीकडं लावू नका हं. आम्ही मालदीवला गेलो तेव्हा मी हुशारीनं तिथला रुफिया बदलून नेला. रिसॉर्टच्या बेटावर सगळे दर डॉलरमध्ये, रुफिया कुणी वापरतच नव्हतं. आमची खोली आवरणारा मुलगा बांगलादेशचा, वाढपी केरळचा, नाववाला श्रीलंकेचा. त्यांना पगारातून घरी पैसे पाठवायचे असतात आणि त्या देशात डॉलरचीच चणचण. अधिकृत दर डॉलरला 15.42 रुफिया, पण त्या दरानं बँकेत मागायला गेलं तर मिळत नाही, बाहेर जास्त मोजावे लागतात. तिथं त्या मुलाला एक डॉलर हा पंधरा रुफियांपेक्षा मोठा. मी रुफिया दिला तेव्हा त्यानं घेतला, पण चेहरा असा केला जसा आपण लग्नात स्टीलचा डबा मिळाल्यावर करतो.

म्हणून आधी विचार करा की घेणारा ते पैसे खर्च कुठं करणार. मेक्सिकोच्या रिसॉर्टांत अमेरिकन लोक सर्रास डॉलर देतात, पण तिथंही 2010 पासून बँकेत रोख डॉलर बदलण्यावर मर्यादा आहेत. माझी नणंद ह्यूस्टनहून जाते, ती पेसोच नेते.

---

तेरणाकाठी (धाराशिव)
11 नोव्हेंबर, रात्री 9:02

स्थानिक चलन न्यायचं असेल तर नोटा आदल्या रात्री दिव्याखाली बसून ओळखून घ्या. व्हिएतनामात आमच्या हिनं बॅगा आणणाऱ्या मुलाला वीस हजार डाँग दिले, म्हणजे सत्तर रुपये. असं तिला वाटलं. तिथली वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, दोन्ही प्लॅस्टिकच्या. रात्री हिशेबाला बसलो तर पाच लाखांची एक कमी. सतराशे रुपये! तो मुलगा सत्तर रुपयांच्या मानानं फारच मोकळं हसला होता, हे मला तेव्हा आठवलं.

परत मागायचे का यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. नाही मागितले. पण उरलेले चार दिवस तो दिसला की आमच्या हातातल्या पिशव्यासुद्धा काढून घ्यायचा, आणि हिला कळेना की हसावं का रडावं.

---

खळ्यावरचा (सेलू)
12 नोव्हेंबर, सकाळी 6:55

आमच्या आजाच्या काळात खळ्यावर ज्वारीची रास झाली की सुतार, लोहार, चांभार, सगळ्यांना माप घालायचे. रोकड्याचा विषय नव्हता. जे खातो तेच द्यायचं. हिमरूभाऊंची शंभराची नोट वाचून तेच आठवलं. बलुतं म्हणजे एका अर्थी टीपच की.

---

गोदाकाठची_लेक (नांदेड, सध्या पुणे)
12 नोव्हेंबर, सकाळी 10:18

नाही पटलं. बलुतं टीप नव्हती, वर्षभराच्या कामाची मजुरी होती. आणि ती हक्क असूनही मागायला खळ्यावर उभं राहावं लागायचं, त्यात किती जणांना हात आखडून माप पडलं हे ज्यांच्या घरातलं कुणी उभं राहिलं होतं त्यांना विचारा. माझ्या पणजोबांना विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं. टीप देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तेवढ्यावर जगायची वेळ आणणं हेच वाईट. अमेरिकेत टीप घेणाऱ्या कामगारांचं केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलेलं आहे. मालक म्हणतो, बाकीचं गिऱ्हाईक देईल.

---

खळ्यावरचा (सेलू)
12 नोव्हेंबर, दुपारी 12:30

खरं आहे. आम्ही माप घालणाऱ्यांच्या घरातले, त्यामुळं तेवढंच दिसलं. शब्द मागं घेतो.

---

कुंथलगिरी_पेढा (भूम)
12 नोव्हेंबर, दुपारी 12:41

जपानला जाणाऱ्यांनी टीपच देऊ नये. माझ्या मेव्हण्यानं टेबलावर पैसे ठेवले तर वाढपी "विसरलात" म्हणून रस्त्यापर्यंत पळत आला.

आणि ताई, तुमच्यातली कुणीतरी नक्की म्हणेल की पैशाऐवजी शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा देऊ. देऊ नका. आमच्या आत्यानं दिला होता. त्या पोरीनं दोन्ही हातांनी घेतला आणि आम्हाला निघताना कचऱ्याच्या गाडीवर दिसला. उघडलेलं खाणं ते लोक कशाला खातील?

---

मांजराकाठ (लातूर)
13 नोव्हेंबर, रात्री 9:47

आज बैठक झाली. शेंगदाण्याच्या चटणीचा प्रस्ताव खरोखर आला होता, पेढेभाऊंना दंडवत.

हिमरूभाऊंचा डबा वाचून दाखवला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, मग डॉलर नकोच. असं ठरलं : खोल्या पाच (चार खोल्यांत दोघी-दोघी, एकीत तिघी). रोज खोलीमागं 40 बाथ, पाच सकाळींचे झाले 1,000. नावेवरच्या पोरांना सगळ्या मिळून 500. गाडीवाल्याला येता-जाता 200 प्रमाणे 400. अकरा बॅगा, येता-जाता 440. वर जरा हात मोकळा म्हणून एकूण 2,500 बाथ. म्हणजे सात हजारांच्या आत, माणशी सव्वासहाशे. एजंटला विचारलं की ते 25 डॉलर बंधनकारक आहेत का, पावती मिळेल का. अर्धा तास गेला आणि उत्तर आलं, "ऐच्छिक आहे ताई."

खोलीतले पैसे रोज ठेवायचे का शेवटच्या दिवशी एकदम?

---

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)
14 नोव्हेंबर, रात्री 1:20

रोज. आमच्याकडंही पाळ्या बदलतात. चार दिवस एकीनं खोली काढायची आणि पाचव्या दिवशी पाकीट दुसरीला, असं नेहमी होतं, आणि मग आतल्या आत भांडणं. उशीवर ठेवा आणि वर चिठ्ठी ठेवा, थँक यू लिहिलेली. नुसते पैसे पडलेले असले तर प्रामाणिक बाई हात लावत नाही, पाहुण्याचे विसरलेले असतील म्हणून.

---

मांजराकाठ (लातूर)
6 डिसेंबर, संध्याकाळी 7:33

आलाव बाबा सुखरूप. सगळ्यांचे आभार.

वीसच्या नोटा जमवायला पहिल्या दिवशी तीन दुकानांत पाणी आणि केळी घ्यावी लागली, तेवढं इथं कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठ्या शिक्षिकाबाईंनी सुंदर अक्षरात लिहिल्या, वर्गात शेरा लिहितात तशा. आमची खोली आवरणारी मुलगी थाई नव्हतीच, म्यानमारची होती. तिकडं निम्मी पोरं-पोरी तिथलीच दिसली. गोदाकाठच्या ताईंचं आठवून मी खुणेनं विचारलं, डॉलर का बाथ? तिनं खिशातलं थाई बँकेचं पासबुकच काढून दाखवलं. म्हणजे बाथ.

किराणावाल्या काकूंनी शेवटच्या दिवशी गुपचूप आपली पन्नासची नोट ठेवलीच. गांधीजी आहेत म्हणे, आठवण राहील.

2,500 पैकी 70 बाथ उरले. वीसच्या दोन नोटा आणि दहाची तीन नाणी. नोटा भिशीतली जी पुढं तिकडं जाईल तिला देऊ. नाण्यांचा फोटो टाकलाय. हिमरूभाऊ, तुमच्या डब्यात जागा असेल तर पुढच्या महिन्यात वेरूळला येणार आहे, घेऊन येते.

---

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)
7 डिसेंबर, रात्री 12:15

ताई, जागा आहे, मंगळवार सोडून या. पण तुमचा फोटो बघून आत्ता उठून डबा उघडला. बाहेर चांदीसारखी कडा, मधे सोनेरी, हुबेहूब. माझी दोन युरोची नऊ नाणी आता आठच उरली.